पाखरं हाकलायचे दिवस

आमचं अर्धं रान पाण्यात होतं आणि अर्धं दगडात. दगडात काही उगवायचं नाही, पाण्यात उगवलेलं राहायचं नाही. मधे ज्वारीची एक पट्टी उरायची, तेवढीच आमची. नातेपुत्याच्या बाजारापासून आत, कॅनॉलच्या खालच्या अंगाला हे रान आहे. कॅनॉलचं पाणी वरच्या शेतांना मिळायचं आणि त्याचा पाझर आम्हाला. वरच्यांचा ऊस उभा राहिला आणि आमची जमीन चिबडली. चिबडलेली जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. वरून ती कोरडी दिसते, पांढरा खार फुटलेला असतो, कुणी पीठ सांडल्यासारखा. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. बैल तिथं जायला तयार नसायचे. आईची चप्पल एकदा त्या चिखलात गेली ती गेलीच. ती तशीच अनवाणी कामाला जायला लागली आणि पुढं तिला त्याची सवयच झाली.

स्वतःचं रान असून आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आणि शेतकऱ्याच्या घरानं ज्वारी विकत आणायची, ही आमच्याकडे चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. बाजारातनं ज्वारीची पिशवी आणताना आई वर मेथीची जुडी पसरायची. रस्त्यात भेटणाऱ्याला वाटावं, भाजी आणली. पिशवीत काय आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. तरी आई जुडी पसरायची, आणि लोकही मेथीचाच भाव विचारून पुढे जायचे. एवढी अदब आमच्या गावात होती.

हे आज आठवायचं कारण म्हणजे ज्वारी चिकात आली आहे. काल एसटीनं गावाकडे येताना खिडकीतून बघत होते. कणसं भरलेली, पानांवर थंडी, आणि एका रानात माळा उभा. माळ्यावर कुणी नव्हतं. चार वासे, वर फळ्या, त्यावर एक फाटकं पोतं. हल्ली लोक राखणीला बसत नाहीत. चकाकणारी फीत बांधतात, ती वाऱ्यावर भुणभुणते आणि पाखरं थोडे दिवस घाबरतात. माळा मात्र बघितला आणि माझ्या घशात ओरडा आला. बसमध्ये होते म्हणून गिळला.

दाण्यात दूध भरायला लागलं की त्याला चीक म्हणतात. तिथपासून काढणीपर्यंत रान पाखरांचं. चिमण्या येतात, पोपट येतात, पण खऱ्या वैरी भोरड्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, ढगासारख्या येतात आणि एका रानात उतरल्या की उठताना कणसं रिकामी. आमची तर एकच पट्टी. म्हणून शाळा असो नसो, त्या दिवसांत मी माळ्यावर. दिवस उगवायच्या आत आई मला वर चढवायची, भाकरी फडक्यात बांधून द्यायची, गोफण हातात द्यायची, आणि खुरपायला निघून जायची. माझे वडील, अण्णा, मेंढरं घेऊन माळरानात. मला भावंड नाही. दिवसभर मी, ज्वारी आणि आभाळ.

राखणीचं काम म्हणजे ओरडणं. 'हाऽऽ हुर्ऽऽ' असा लांब ओरडा, मग गोफणीचा फटकारा, मग पत्र्याचा डबा वाजवायचा. सकाळी आवाज ताजा असतो. दुपारपर्यंत तो आपलाच वाटत नाही. सगळ्यात वाईट काय, तर ओरडायचं कुणाला उद्देशून? माणूस हाक मारतो ती कुणी यावं म्हणून. मी दिवसभर हाका मारायची ते कुणी येऊ नये म्हणून. आठ-नऊ वर्षांची पोर, सबंध हिवाळा, 'जा, जा' असं जगाला सांगत बसलेली. तेव्हा असं काही वाटत नव्हतं. तेव्हा भूक लागायची आणि ऊन लागायचं. हे आत्ता वाटतं.

शेजारच्या रानात किसनतात्यांचा माळा. त्यावर त्यांची विमल बसायची. दोन माळ्यांमधलं अंतर एवढं की तोंड दिसायचं नाही, डोक्याचं फडकं तेवढं दिसायचं. पण मी ओरडले की ती ओरडायची. ती गप्प झाली की मला कळायचं, विमल भाकरी खातेय, मग मीही फडकं सोडायची. आम्ही गावात भेटलो तर फारसं बोलायचो नाही, लाजायचो. आमची मैत्री ओरड्यापुरती. एका वर्षी चिकाच्या दिवसांत मी पहिला ओरडा दिला आणि पलीकडून आवाज आलाच नाही. दिवाळीनंतर तिचं लग्न झालेलं मला माहीत होतं, मी लग्नात जेवले होते. तरी त्या सकाळी मी पुन्हा ओरडले. मग पाखरांसाठी ओरडले.

माळ्यावरून खालच्या अंगाला ते डबरं दिसायचं. चिबडीच्या मधोमध एक खोलगट जागा. अण्णा सांगतात, ते कॅनॉलच्या आधीपासूनचं. त्यांच्या वडिलांच्या काळात पावसाळ्यात भरायचं आणि शिमग्यापर्यंत पाणी धरायचं. मेंढरं तिथंच प्यायची, आणि विहिरीला त्याचाच ओलावा. कॅनॉलचा पाझर आला आणि डबऱ्यानं हातपाय पसरले, आजूबाजूची काळी खाल्ली. घरात त्याचं नाव शिवी घालूनच घेतलं जायचं. हिवाळ्यात तिथं तांबूस बदकं उतरायची, काड्यांसारख्या लाल पायांच्या शेकाट्या चालायच्या, कधी पहाटे करकोच्यांची रांग कर्कश्श ओरडत यायची. ती पाखरं ज्वारीला फारशी शिवायची नाहीत. पण मला काय माहीत? पाखरू ते पाखरू. मी त्यांनाही हाकलायची. गोफणीचा दगड पाण्यात पडायचा, सगळी उठायची, एक चक्कर मारायची आणि पुन्हा तिथंच बसायची. मी रडकुंडीला यायची. संध्याकाळी आईला सांगायची, हाकलली तरी येतात. आई म्हणायची, त्यांना कुटं दुसरं रान हाय.

मग तो उन्हाळा आला. सरकारकडून चिबड जमिनींसाठी मदत मिळत होती, पाणी काढून द्यायला चर खणायचा. वरच्या अंगाचं मशीननं झालं, पण आमच्या डबऱ्यापासून ओढ्यापर्यंतचा शेवटचा तुकडा मशीन रुतत होतं म्हणून हातानं खणावा लागला. अण्णा खणायचे, आई पाटी उचलायची. दोन्ही कडा ढासळायला लागल्या तेव्हा आईनं दगड मागितले. तिचं माहेर माण तालुक्याकडच्या मुरमाड रानातलं. तिकडं उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून दगडाच्या ताली रचतात, बायकाही रचतात. आमच्याकडे बाईनं गवंड्याचं काम करायची पद्धत नाही. किसनतात्या बांधावर उभं राहून म्हणाले, "वैनी, चर बांदताय का द्येऊळ?" आईनं मान वर केली नाही. अर्धं रान दगडाचंच होतं, त्यातले दगड तिनं वेचले आणि कडा बांधून काढल्या. मी पाणी द्यायला जायची तेव्हा तिनं मला दाखवलं होतं. दगडाचं बारकं तोंड बाहेर ठेवायचं आणि लांब अंग आत मातीत घालायचं. "दिसतंय थोडं," ती म्हणाली, "पन धरतंय लई."

चरानं काम केलं. पाणी ओढ्याला गेलं, डबरं वाळलं, एक-दोन पावसाळ्यांत खार धुऊन गेला आणि ज्वारीची पट्टी रुंद होत गेली. आमच्या घरात विकत ज्वारी येणं थांबलं. मेथीची जुडी पिशवीवरून उतरून भाजीत गेली. त्याच ज्वारीवर मी अकरावीला गेले, त्याच ज्वारीवर सोलापूरला कॉलेजात. आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. निकालाच्या दिवशी अण्णांनी माझं सर्टिफिकेट दोन्ही हातांनी धरलं, नुकतं जन्मलेलं कोकरू धरतात तसं, आणि उलटं धरलंय हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

आता मी भवानी पेठेत एका खोलीत राहते आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंग तपासते. धुतलेल्या टॉवेलचा रंग नमुन्याच्या रंगाशी जुळतो की नाही, हे मी सांगायचं. मी नाही म्हटलं तर माल जात नाही. काम मानाचं आहे. माझ्या टेबलाच्या आसपासच्या बायका आपसात तेलुगू बोलतात. माझ्याशी मराठी बोलतात, मायेनं बोलतात, डब्यातलं देतात. पण हसायचं असलं की तेलुगूतच हसतात. मी पण हसते, थोडं उशिरानं. माझं लग्नाचं जमलं नाही आणि मग मी जमवायचं सोडलं. खोलीच्या भिंतीपलीकडे माग चालतात, त्यांचा खडखडाट इतका सवयीचा झाला की लाइट गेली आणि माग थांबले की मला जाग येते. थंडीच्या दिवसांत मात्र अजूनही दिवस उगवायच्या आत डोळे उघडतात. कुणीतरी माळ्यावर चढवील म्हणून वाट बघत मी पडून राहते.

आई गेली ती अशाच एका कामाच्या दिवशी. ताप आला, अंगावर काढला, तालुक्याला नेईपर्यंत उशीर झाला. मी एसटीत होते. त्यानंतर अण्णा रानात एकटे. मेंढरं विकून टाकली. रोज मी फोन करायची. जेवलात का, तर "व्हय." बरं वाटतंय का, तर "हाय की." एवढं बोलून ते फोन कानाला धरून गप्प बसायचे. ठेवायचेही नाहीत. त्यांच्याकडून वाऱ्याचा आवाज यायचा, माझ्याकडून मागांचा.

मधल्या काळात कॅनॉलचं पाणी कमी झालं. पाण्याची पाळी लांबली, पाझर आटला. पण चर होता तसाच होता. आधी तो नको असलेलं पाणी न्यायचा, आता हवं असलेलंही न्यायला लागला. पावसाचं पाणी रानात टेकायच्या आत ओढ्याला. विहीर खाली गेली आणि एका उन्हाळ्यात तळ दिसला. डबऱ्याची माती तडकून अशा भेगा पडल्या की शेळीचा पाय अडकावा. अण्णा पिण्याचं पाणी गावातून सायकलवर आणायला लागले. या वयात. मी म्हटलं, माझ्याकडे चला. ते एकदा आले. माझ्या खोलीत खिडकीखाली बसून राहिले, आणि संध्याकाळी म्हणाले, "मंगे, हितं आभाळ कुटनं बगायचं?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत. तेव्हा मला उमगलं की विहिरीला पाणी आलं नाही तर अण्णांना रान सोडावं लागेल, आणि रान सोडलं तर ते जगणार नाहीत.

अशात ती योजना आली. खाजगी जमिनीत पूर्वी पाणथळ जागा असेल आणि ती बुजवली किंवा कोरडी केली असेल, तर पुन्हा पहिल्यासारखी करणाऱ्या मालकाला सरकार मदत करणार. मशीनचं काम, सांडव्याचं दगडकाम, काठाला लावायचं गवत, आणि तेवढ्या जागेत पीक घ्यायचं नाही म्हणून काही वर्षं थोडी भरपाई. जमीन मालकाचीच राहणार. मी सगळं नीट वाचलं, दोनदा वाचलं, आणि सुट्टी काढून गावी गेले. चावडीवर साहेब आले होते, माझ्याहून लहान, उन्हानं लाल झालेले. ते म्हणाले, काम एवढंच आहे, चर बुजवायचा आणि डबऱ्याला पाणी धरू द्यायचं. विहीर आपोआप वर येईल.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तवा म्हनला पानी काडा. आता म्हनताय पानी ठिवा. एकदा काय ते ठरवा की सायेब." सगळी चावडी हसली. साहेबही हसले, बिचारे. किसनतात्यांना चेव आला. म्हणाले, "अण्णा, उद्या तुज्या सातबाऱ्यावर बगळ्याचं नाव लागंल बग."

"लागू दे," अण्णा म्हणाले. "त्येला वारस तरी हायती."

मी शेजारीच बसले होते. तात्या चपला शोधायला लागले. अण्णांना बोलून गेल्यावर कळलं असावं, कारण घरी येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले आणि दारात थांबून म्हणाले, च्या टाक. आमच्या घरात माफी अशीच मागतात. मी चहा टाकला.

चहा घेताना मी पुन्हा विषय काढला. मी त्यांना भूजलाचं सांगितलं, पाझराचं सांगितलं, सांगण्यात काही चूक नव्हती आणि त्यांनाही ते सगळं कळत होतं. ते कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "तितं हात लावायचा न्हाय." का, विचारलं तर कप विसळायला गेले. मी सोलापूरला परतले. फोनवर आता वाऱ्याचा आवाजही कमी यायला लागला. पावसाळा जवळ येत होता आणि त्याआधी काम झालं नाही तर आणखी एक वर्ष जाणार होतं. सायकलवरून पाणी आणणारा माणूस आणखी एक वर्ष कसा काढणार, हे टॉवेलचे रंग बघताना माझ्या मनात यायचं आणि रंग दिसेनासा व्हायचा.

पुढच्या खेपेला मी न सांगता गेले. दुपारची वेळ. घरात कुणी नाही. खाली गेले तर अण्णा चरात. कडांच्या दगडांमधून उगवलेलं गवत विळ्याच्या टोकानं काढत होते, एकेक काडी. अख्खा चर स्वच्छ. पाणी नसलेला चर इतका स्वच्छ कुणी ठेवलेला मी पाहिला नव्हता. बुडाशी त्यांची बसायची जागा होती, पोतं टाकलेलं, शेजारी पाण्याची बाटली. ते रोज इथं येऊन बसत होते. मी वर काठावर टेकले. मग मान खालीच ठेवून ते म्हणाले, "तुज्या आईचं ह्या रानात दुसरं काय हाय? धाव्याचा जीवखडा बी नदीला गेला. एवडंच हाय."

मी चरात उतरले आणि पलीकडच्या कडेचं गवत काढायला लागले. उन्हानं दगड तापले होते. हाताला चटके बसत होते. तिनं लावलेला एकही दगड हलत नव्हता. आम्ही बाप-लेक एकमेकांकडे पाठ करून काम करत राहिलो, आणि माझ्या मनात आलं, की हे दोन माळ्यांसारखंच आहे. आवाज यायचा तेवढाच आधार.

ऊन कलल्यावर त्यांनी विचारलं, "सांडव्याला दगड लागतुय म्हनला न्हवं त्यो सायेब?"

लागतो, मी म्हटलं. पाणी जास्त झालं की ते जिथून बाहेर पडतं, तिथं माती टिकत नाही. दगडच पाहिजे. खरेदीचा पैसा मदतीत धरलेला आहे.

"इकत न्हाय आनायचा." ते उठले, कंबर धरून सरळ झाले आणि कडेवर हात ठेवला. "हीच लावू. तिनं पानी जाया रचली हुती. आता थांबाया लावू. काम येकच की."

असं ठरलं. साहेबांना मी फोनवर सांगितलं तर ते जरा गोंधळले. दगडाची खरेदी मदतीत होती, घरचा दगड घालायची सोय त्यांच्या हिशेबात कुठंच नव्हती. शेवटी म्हणाले, तुमचं तुम्ही लावा, मी बघतो. अण्णांनी मशीनला चराजवळ येऊ दिलं नाही, सगळे दगड निघेपर्यंत. ते आणि मी आणि एक दिवस किसनतात्या, पहारीनं एकेक दगड सैल केला. किसनतात्यांना देवळाची आठवण कुणी करून दिली नाही. दगड बाहेर आला की कळायचं, कडेवर दिसत होता तो नुसता पंजाएवढा, आतला भाग हातभर लांब. बाहेरचं तोंड उन्हानं, पाण्यानं काळवंडलेलं. आत गेलेलं अंग मात्र जसं लावलं तसं, फिकं, थंड, ओलसर. अण्णा प्रत्येक दगड हातानं पुसायचे आणि मग ओळीत ठेवायचे.

सांडवा त्यांनी स्वतः रचला. बारकं तोंड बाहेर, लांब अंग आत. मग मशीन आलं आणि अर्ध्या दिवसात चर मातीनं भरून गेला. आई-अण्णांचा एक अख्खा उन्हाळा. मशीनवाल्यानं वर चाकं फिरवून माती दाबली, पैसे मिळाल्याची खात्री केली आणि गेला. अण्णा त्या भरलेल्या मातीवर उभे राहिले, मग बाजूला झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही त्यांना जेवा म्हटलं नाही.

पाऊस कसा पडला ते मी पाहिलं नाही. मी सोलापुरात होते. एका सकाळी कारखान्यात फोन आला, अण्णांचा, आणि अण्णा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मला वाटलं काही झालं. पलीकडून बेडकांचा आवाज येत होता, इतका की माझ्या बाजूचे माग ऐकू येईनात. अण्णा म्हणाले, "थांबलंय." मी म्हटलं, पाऊस? "पानी," ते म्हणाले. आणि नेहमीसारखे फोन धरून गप्प बसले. मी बेडूक ऐकत उभी राहिले. शेजारच्या बाईनं काय झालं विचारलं. मी म्हटलं, पाणी थांबलं. तिला काय कळणार. पण तिनं माझ्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि मला खुर्चीवर बसवलं.

आज सकाळी ते पाणी मी बघितलं. काठाला लावलेलं गवत धरलंय. लव्हाळा आपोआप आलाय, तो कुणी लावला नव्हता. साहेब पाहणीला येणार होते म्हणून अण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. थंडी होती. आम्ही पूर्वी जिथं माळा असायचा तिथं बसलो होतो, बाजूला ज्वारीची पट्टी चिकात. डबऱ्याएवढी ती कमी झाली आहे, तेवढी जागा आपण सोडली आहे, हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं.

दिवस वर आला आणि ती आली. तांबूस बदकं. आधी आवाज, मग वळसा, मग एकेक करत पाण्यावर. मागं शेकाट्या. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "हाऽऽ हुर्ऽऽ..."

अण्णा उभे राहिले होते. हात गोफणीसारखा डोक्यावर फिरलेला. सगळं पाणी उठलं. बदकं, शेकाट्या, कुठं दडलेले बगळे, सगळे एकदम आभाळात. डबरं रिकामं झालं, नुसत्या लाटा. अण्णांचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. शाळेत पाटी फुटलेलं पोर बघतं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सवय गं," ते म्हणाले. "जलमाची सवय." आणि मग फार हळू, जणू मीच साहेब आहे, "आता येतील का?"

त्यांनी सबंध आयुष्यात मला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा ज्याचं उत्तर मला माहीत होतं. डिग्रीतून नव्हे. मी त्या माळ्यावर सगळे हिवाळे काढले होते. मी म्हटलं, "बसा अण्णा. हाकलली तरी येतात. तीच तर आपली तक्रार होती."

ते बसले. मला विमल आठवली, आई आठवली, त्यांना काय आठवलं ते त्यांनी सांगितलं नाही. पाखरांनी दूर कॅनॉलपर्यंत चक्कर मारली, लहान झाली, जवळजवळ दिसेनाशी झाली. मी ओरडले असते, या म्हणून. पण असा ओरडा मला येत नाही, मला एकच ओरडा शिकवलेला. म्हणून वाट बघितली. मग ती वळली.

साहेब आले तेव्हा बदकं पाण्यावर होती. त्यांनी सांडवा बघितला, दगडावर पाय देऊन बघितला, हलला नाही. कुणी रचला, त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "घरच्यांनी." साहेबांनी मान डोलावली आणि विहिरीकडे गेले.

दुपारच्या एसटीनं मी परत निघाले. अण्णा बांधापर्यंत आले, मग डबऱ्याकडे वळले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा सोलापूरपर्यंत रिकामी होती. सांगायला कुणी नव्हतं, तरी इथं लिहून ठेवते, जसं आहे तसं. चर बुजला. डबऱ्यात पाणी आहे. विहिरीत पोहरा बुडतो. अण्णा रानातच राहतात.